हेल्मेटातली पेज

कुवेतची थंडी ज्याने खाल्ली नाही त्याला हे खरं वाटायचं नाही, पण जानेवारीत अबू हलीफाच्या किनाऱ्यावर असा वारा सुटतो की बोलताना दात वाजतात. अशाच एका संध्याकाळी फखरुन्निसा दारात बसून मासे साफ करत होती. तिचा नवरा बदरुद्दीन पाण्याचा टँकर चालवायचा. जहरा गावाच्या पलीकडे टेकडीजवळ रस्त्याचं काम चाललं होतं, तिथल्या मजुरांना पाणी पोचवायचं. त्या दिवशी तो आला तो हसतच, कोटाखाली काहीतरी लपवून.

"आणलंत? अजून एक आणलंत ना?" फखरुन्निसा म्हणाली. "लोक बायकोला बांगड्या आणतात. आमच्या नशिबी लोखंडी टोपल्या!"

"अगो, बघ तर आधी."

गेल्या उन्हाळ्यात, एकसष्ट साली, इराकच्या भीतीने इंग्रजांची गोरी फौज इथे उतरली होती. लढाई काही झाली नाही. भट्टीत पाव भाजावेत तशी ती पोरं ऐन जुलैत त्या टेकडीवर खड्डे खणून बसली आणि थंडी पडायच्या आत परत गेली. हरवलेलं, टाकलेलं वाळूत राहिलं. बदरुद्दीन त्यातली हेल्मेटं हुडकून आणायचा. महायुद्धात त्याने बसऱ्याला फौजेचा ट्रक चालवला होता, त्यामुळे त्याला त्यातलं कळायचं. भिंतीला खिळे ठोकून त्याने ती ओळीने टांगली होती आणि रोज फडक्याने पुसायचा. एवढ्या मायेने त्याने स्वतःच्या चपला कधी पुसल्या नव्हत्या.

"सांग, बनावट कितव्या नंबरची?"

फखरुन्निसा जेमतेम चार बुकं शिकलेली, पण रोज ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. तिने खवल्यांचे हात पुसले आणि काठ चाचपला. "पट्ट्याचा रिबिटाचा खिळा कडेजवळ आहे. चार नंबर. वर असता तर तीन."

"शाबास! आणि चार नंबरची गंमत?"

"बटण ओढलं की आतली गादी निघते. मग शिपायाने त्यात पाणी भरावं. झालं समाधान?"

बदरुद्दीनने गादी ओढून काढली आणि आत बोट फिरवलं. कपाळावर बसणारी चामड्याची पट्टी ओली होती. इतके महिने वाळूत पडलेली वस्तू, आणि ओली... कोमट. उन्हात तापलेल्या माणसाचा खारट वास आला.

"दव पडलं असेल," तो म्हणाला. गादी परत बसवून त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "बघ, माझ्याच मापाचं."

"काढा ते! मेल्याची वस्तू डोक्यावर घेऊ नये."

"मेला कशावरून?"

फखरुन्निसाने ते त्याच्या डोक्यावरून ओढून काढलं आणि भिंतीच्या खिळ्याला टांगलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बाहेर वारा नुसता कापत होता आणि बदरुद्दीन अंथरुणावर तव्यासारखा तापला होता. तोंड लालबुंद, पण अंगावर घामाचा टिपूस नाही. पाणी मागायचा. तांब्या संपला की पुन्हा पाणी. जेवढं प्यावं तेवढी जीभ सुकत होती, लाकडासारखी. आणि एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत लाल वळ उठला होता, पट्टा करकचून बांधल्यासारखा. पट्टा तर त्याने लावलाच नव्हता. फखरुन्निसाने खोबरेल चोळलं. वळ आणखी खोल गेला.

शेजारचा झहूर इस्पितळात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. त्याने येऊन नाडी पाहिली, डोळे पाहिले.

"भाभी, हे... ऊन लागल्यासारखं दिसतंय."

"थंडीत? अक्कल शाबूत आहे ना रे तुझी?"

"मी बघितलंय ना. जुलैत ती गोऱ्यांची पोरं अशीच आणायचे आमच्याकडे. एक तर..." त्याने आवाज खाली आणला. "एक तर शेवटपर्यंत पाणीच मागत होता. पाजलं तरी मागत होता. मी गाडी बघून येतो, भाभी. यांना इथे ठेवण्यात अर्थ नाही."

तो गेला. घरात वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला. आणि दुसरा एक.

टप्... टप्...

नवं हेल्मेट खिळ्याला टांगलेलं होतं आणि त्यातून थेंब पडत होते. बदरुद्दीनने घोट गिळला की एक थेंब. पुन्हा घोट, पुन्हा थेंब. त्याच्या घशात गेलेलं पाणी त्या पट्टीतून गळत होतं.

 फखरुन्निसाला भीती वाटली की मागोमाग राग यायचा, हा तिचा जन्माचा स्वभाव. तिने हेल्मेट खाली ओढलं, बटण ओढून गादी फेकली आणि टोप उताणा करून चुलीपुढे ठेवला. तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी तसंच राहिलं.

"पाणी नको? मग माझ्या माणसाचं का ओढतोस, मेल्या?"

एवढं बोलली आणि 'मेल्या' हा शब्द तिलाच लागला. कुणाचं तरी पोर ते. मिसरूडही नीट फुटली नसेल. बर्फाच्या मुलखातून आणून तव्यावर बसवलेलं.

"नुसत्या पाण्याने ऊन उतरत नसतं रे, बाबा," ती हळू म्हणाली. "सांगायला कुणी नव्हतं का तुला?"

तिच्या गावी, कोकणात खाडीकाठी, उन्हाने पडलेल्याला मिठाची पेज देत. चुलीवर पेज होतीच. तिने पाणी ओतून दिलं, टोपात पेज वाढली, वर मिठाची चिमूट टाकली. बिस्मिल्ला म्हटलं; गोऱ्याला चालत असेल नसेल, तिला चालत होतं.

पेज हलली. कडेने खाली जाऊ लागली, कुणी तोंड लावून पीत असावं तशी. घुटक्याचा आवाज आला... मग थांबून दुसरा. टोप कोरडा झाला. तिने पुन्हा वाढलं.

"सावकाश. ठसका लागेल. रोज दुपारी देईन तुला. पण माझ्या माणसाला सोडायचं. कबूल?"

मागून बदरुद्दीनचा आवाज आला, "फखरू, थंडी वाजते गो... गोधडी दे." त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. झहूर गाडी घेऊन आला तेव्हा बदरुद्दीन उठून बसला होता आणि हनुवटीखालचा वळ पुसट होत होता.

मग रोज दुपारी चुलीजवळ पेज ठेवली जाऊ लागली. फखरुन्निसाला त्याची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर लळाच लागला. "आज मीठ जास्त झालं रे, चालवून घे," असं ती बोलायची. कधी साजूक तुपाचा थेंब टाकायची.

"माझ्या पेजेत तूप नाही ते!" बदरुद्दीन म्हणायचा.

"तुम्ही मेलात का कधी? मग गप्प जेवा."

माणूस घरात धडधाकट हिंडत होता. तिला आणखी काही नको होतं.

थंडी सरत आली होती. एक दिवस दुपारी ती पेज घेऊन चुलीजवळ आली तर टोप जागेवर नाही. पाहते तर भिंतीवर, ओळीत. घासून लख्ख केलेला. गादी आत बसवलेली, बटण गच्च लावलेलं.

"कुणी केलं हे?"

"मी. सकाळी तू बाजारात गेली होतीस तेव्हा," बदरुद्दीन कौतुकाने म्हणाला. "अगो, आतली पट्टी किती कळकट झाली होती. साबणाने धुतली, पाणी अंगणाच्या भिंतीपलीकडे फेकलं. जमवलेली वस्तू नीट ठेवावी माणसाने."

फखरुन्निसाने बटण ओढलं. पट्टी कोरडी होती. ठणठणीत कोरडी. वास साबणाचा. तिने घाईघाईने टोप उताणा केला, पेज ओतली, मीठ टाकलं.

"घे रे, बाळा. उशीर झाला. घे..."

पेज हलली नाही. तिच्यावर हळूहळू साय धरली.

"गेला वाटतं," बदरुद्दीन म्हणाला. "सुटला बिचारा."

"तुमचं अंग बघू." तिने त्याच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. थंडगार. तरी तिने हनुवटीखाली वळ शोधला. नव्हता. असा न सांगता जायचा नाही तो. गेला तर कुठे गेला?

इतक्यात अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडून झहूरची बायको असमा हाक मारू लागली. तिच्या कडेवर दात येऊ घातलेलं, जेमतेम रांगणारं पोर होतं.

"भाभी... जरा येता का? बाळाचं अंग सकाळपासून तापलंय. घाम नाही. आणि भाभी..." तिने पोर पुढे धरलं. "अजून आई म्हणता येत नाही हो त्याला. पण बोलतोय. मोठ्या माणसासारखा, सलग. काय भाषा ती मला कळत नाही... नुसतं माठाकडे बोट दाखवतोय."

फखरुन्निसाने पेजेचं पातेलं उचललं आणि मिठाची बरणी काखेत मारली.

"पाणी देऊ नकोस, असमा," ती उंबऱ्यातूनच ओरडली. "नुसत्या पाण्याने भागायचं नाही त्याचं. त्याला म्हणावं, मी आले."