पाण्यातला शाळिग्राम

दिवा जरा इकडं सरकव, म्हणजे तू हसलीस की मला दिसेल. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलेली बाई मी, मला असलं काही सांगायला बरं वाटतंय होय? पण ऐक.

माझी भाची मधुवंती डेंगीनं हुबळीच्या दवाखान्यात होती. प्लेटलेट उतरत चाललेल्या, पोरीला शुद्ध नाही. भाऊ श्रीहर्ष आणि भावजय, दोघंही तिच्या उशाशी. जाताना श्रीहर्षनं घरचे देव पाण्यात घातले होते; पोर बरी होऊन घरी येईपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत. माझं काम एवढंच, नवनगरहून रोज धारवाडला त्यांच्या घरी जायचं, तिन्हीसांजेला दिवा लावायचा आणि पातेल्यातलं पाणी कमी झालं तर भर घालायची.

पहिल्या दिवशी पाणी निम्म्यावर आलेलं. उकाड्यानं आटलं असेल म्हणून मी भरलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. सोवळ्याओवळ्याच्या आमच्या घरात मासळीचा वास! पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे कडेला जाऊन टेकलेले, आणि मधोमध एकटा शाळिग्राम.

आता शाळिग्राम म्हणजे काय, हे मीच वर्गात सांगायची. डायनासोर होते त्या काळच्या समुद्रातला प्राणी. कवचात राहायचा; वरून पाण्यातल्या अजस्र सरड्याची सावली पडली की अंग आत ओढून घ्यायचा. तो मेला, कवचात गाळ भरला, त्याचा दगड झाला. मुलं विचारायची, बाई, तो परत जिवंत होईल का? मी म्हणायची, खुळ्यांनो, दगडाला कुठला आलाय जीव.

मी वाकून बघत होते. पंखा बंद, खिडकी बंद, तरी पाणी हलत होतं. वर तुळशीचं एक पान तरंगत होतं... ते हळूच खाली गेलं... आणि शाळिग्रामाच्या तोंडातून आत गेलं.

श्रीहर्षला फोन लावला, म्हटलं, मी ह्याला बाहेर काढते.

"बेडा अक्का," तो कुजबुजला. घाबरला की त्याला कन्नडच सुचतं. "नको... हात लावू नकोस. आत्ताच तिनं डोळे उघडलेत."

काय करणार, सांग? एकीकडं ते, एकीकडं आमची पोर. मी डोळे मिटून कळशी ओतली. रोज ओतली. इकडं रोज पाणी आटायचं आणि तिकडं रोज प्लेटलेट वाढायच्या. जीव सुखावायचाही, आणि कुलूप लावलं की मी ते दोनदोनदा ओढूनही बघायची.

मधुवंती घरी आली. श्रीहर्षनं देव बाहेर काढून पुसले. शाळिग्राम तळहातावर घेतला आणि थबकला.

"अक्का, हा इतका हलका होता का गं?"

मी हो म्हटलं. पोर घरी आली होती, दुसरं काय बोलायचं?

संध्याकाळी तिच्या खोलीत गेले. गुडघे हनुवटीला लावून, अंगाचं मुटकुळं करून भिंतीशी पडली होती. कपाळावरून हात फिरवायला मी वाकले, तशी चटकन पांघरुणात शिरली. किती हाका मारल्या. मग आतून बारीक आवाज आला.

"आत्या, बाजूला हो ना... वरून सावली आली की आत जायचं असतं."

भावजय म्हणते, अशक्तपणा आहे, जाईल. पोर खाते-पिते, शाळेतही जाते. मी मात्र तिच्याजवळ जाताना आधी दिवा कुठं आहे ते बघते आणि सावली तिच्यावर पडणार नाही अशी बसते.

परवा दुपारी मी आणि मधुवंती गच्चीवर पापड वाळत घालत होतो. ती वर न बघताच एकदम आत पळाली. मी वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. गच्चीवर मात्र या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सावली पडली होती, आणि ती सावकाश जिन्याच्या दाराकडं सरकत होती.