त्या दुपारी मी कामावर गेलेच नव्हते

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. लोकांना पटवून देण्याची माझी हौस केव्हाच फिटली.

भुताटकी रात्री होते असं म्हणतात. ही भरदुपारी झाली.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी. महिन्यातला तिसरा मंगळवार. नॉर्थ डकोटातल्या एका छोट्या गावाबाहेरचा वृद्धाश्रम.

माझं नाव आर्डिस. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, एकटी राहत होते, आणि त्या वृद्धाश्रमात दुपारपाळीला मदतनीस होते. म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायची. घरापासून बावीस मैल.

तिथला एक नियम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तुमच्या जागी दुसरी बाई आल्याशिवाय तुम्ही घरी जायचं नाही. ती आलीच नाही, तर तिचीही पाळी तुम्हीच करायची. सलग सोळा तास. कुरकुर करून उपयोग नाही. बाहेर वादळ आहे म्हणून म्हाताऱ्यांची शू थांबत नाही.

माझ्या आधीच्या पाळीला लव्हॉन असायची. अठ्ठावन्न वर्षांची, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. डिसेंबरात बर्फामुळे मी एकदा दांडी मारली, तेव्हा तिनेच सोळा तास ओढले होते. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून गेले.

"या बाईसाहेब," ती म्हणाली. "झोप झाली का छान?"

"सॉरी गं लव्हॉन."

"सॉरीचं काय लोणचं घालू? केक आण."

मी केक नेला. तिने उभ्या उभ्या अर्धा संपवला, आणि विषय मिटला.

म्हणून त्या मंगळवारी मी फोन दोनदा उचलून परत ठेवला.

सकाळपासून वारा सुटला होता. आमच्याकडे असं होतं... वर आभाळ निळं, लख्ख ऊन, आणि खाली माणसाच्या उंचीपर्यंत नुसता पांढरा लोंढा पळत असतो. समोरचा हात दिसत नाही. गॅरेजच्या दाराला माझ्या छातीपर्यंत बर्फ लागला होता. रेडिओवर सांगत होते, घराबाहेर पडू नका.

दुसरीकडे लव्हॉनची लेक आदल्याच दिवशी माहेरी आली होती. तीन आठवड्यांचं बाळ घेऊन. लव्हॉनची पहिली नात. सोमवारी रात्री उशिरा पोचल्या होत्या, आणि पहाटे कामावर निघताना लव्हॉनने बाळ धड पाहिलंही नसणार.

मी नाही गेले तर तिला रात्री अकरापर्यंत सुटका नाही. आणि अशा रात्री अकराला घरी कोण जाणार... म्हणजे सकाळच.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी फोन केला.

सव्वाबारा वाजले होते.

पाच वेळा घंटी वाजली. कोणीतरी उचलला.

काहीच बोललं नाही...

"हॅलो? आर्डिस बोलतेय. आज मला येता येणार नाही. रस्ता दिसतच नाहीये. लव्हॉनला सांगाल का? म्हणावं, मी तोंड दाखवायच्या लायकीची नाही."



तुम्ही कधी वृद्धाश्रमात फोन केला असेल तर माहीत असेल, मागे सतत आवाज असतो. टीव्ही, ढकलगाड्या, घंट्या, कोणीतरी कोणालातरी हाका मारतंय.

त्या दिवशी मागे काही नव्हतं. काहीच नाही...

मग एक बाई म्हणाली, "ठीक आहे. मी बघते."

फोन बंद.

मला वाटलं, नर्स बर्निस असेल. आवाज ओळखीचा होता. पण बर्निसचा नव्हता हेही तेव्हाच जाणवलं होतं. मी विचार केला नाही. सुटले बाई, एवढंच वाटलं.

सूप गरम केलं. प्यायले. पांघरूण घेऊन सोफ्यावर पडले आणि झोपून गेले. खोटं कशाला सांगू, झोप गाढ लागली.

जाग आली तेव्हा खोलीत अंधार झाला होता. पाच वाजले होते.

मनाला लागलं होतं. लव्हॉनशी दोन शब्द बोलावे म्हणून पुन्हा फोन लावला. या वेळी बर्निसनेच उचलला. मागे टीव्ही, घंट्या, सगळं होतं.

"बर्निस, जरा लव्हॉनला दे ना."

"लव्हॉन? ती तर पावणेतीनलाच गेली. कोण बोलतंय?"

"मी आर्डिस."

बर्निस हसली. "काय गं, कुठल्या खोलीतून फोन करतेस? पाय दुखतात की काय, चालत ये की."

"बर्निस, मी घरी आहे."

"हं."

"मी घरी आहे. बारा वाजता फोन करून कळवलं होतं मी."

"कोणाला कळवलंस? इथे कोणाचा फोन आला नाही. आणि तू आत्ता दहा मिनिटांपूर्वी माझ्यासमोरून गेलीस. टॉवेलांची गाडी घेऊन."

 

मग बर्निसने फोन टेबलावर ठेवला. तिच्या बुटांचा आवाज लांब जाताना ऐकू आला... एकेक दार उघडल्याचा आवाज... मग बराच वेळ काही नाही.

मग बूट परत आले. भराभर.

"गाडी मधेच उभी आहे," ती म्हणाली. "टॉवेल गरम आहेत. माणूस नाही कोणी."

त्यानंतर बर्निसने जे सांगितलं ते असं.

दोन वीसला मी आले. लाल कोट, माझाच. कानटोपी काढली नाही. फार बोलले नाही. बाजूच्या दाराला घंटी आहे, ती वाजल्याचं बर्निसला आठवत नव्हतं. आणि पायपुसणं कोरडं होतं. बर्फातून आलेल्या माणसाच्या बुटांखाली पाण्याचं तळं साचतं. तिथे थेंब नव्हता. हे तिला आत्ता, फोनवर सांगता सांगता लक्षात येत होतं.

आमच्याकडे हिवाळ्यात कोणी दारातून आत आलं की 'कशी आहेस' हे नंतर. आधी विचारतात, रस्ता कसा आहे. रेडिओ काहीही सांगो. जो त्या रस्त्याने आत्ता आला, त्याचं म्हणणं शेवटचं.

लव्हॉननेही विचारलं.

"आणि मी काय म्हणाले?"

"तू म्हणालीस, बरा आहे. हळू गेलीस तर जाशील."

मी फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या तो वाजला. लव्हॉनचा नवरा मायलो होता. आश्रमाचा फोन लागत नाही, म्हणून शोधून शोधून माझ्याकडे केला होता.

"आर्डिस, लव्हॉन तिथून निघाली का काही कळलं का तुला?"

निघाली, मी म्हटलं. पावणेतीनला.

तिचं घर आश्रमापासून नऊ मैलांवर होतं.

ती गुरुवारी सापडली. वारा थांबल्यावर, बर्फ काढणाऱ्या ट्रकला. गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली होती. तिने सगळं बरोबर केलं होतं. गाडी सोडून चालत निघाली नव्हती, ब्लँकेट गुंडाळलं होतं, इंजिन चालू ठेवलं होतं. पण मागचा पाइप बर्फाखाली गेला, आणि धूर आत आला. झोपेतच गेली म्हणे.

मला रडू आलं नाही. आत काही हललंच नाही. आजही त्या आठवड्याचा विचार केला की दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो तसं होतं.

शेरीफचा माणूस, म्हणजे आमच्याकडचा पोलीस, माझ्याकडे आला. त्याने गॅरेजसमोरचा ढीग पाहिला. त्यावर एक पाऊल नव्हतं. फावडं घेऊन दार मोकळं करायला त्याला स्वतःला अर्धा तास लागला. आत गाडी, तशीच.

"तुम्ही कुठे गेला नव्हता, हे उघड आहे," तो म्हणाला. कागदावर काय लिहायचं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने वही मिटली.

गावात मात्र दोन तट पडले. काही म्हणाले, बर्निसचा काहीतरी घोळ झाला. बाकीचे म्हणाले, आर्डिस आली होती, रस्त्याचं चुकीचं सांगून बसली आणि घाबरून पळाली. कशी पळाली, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

मी दहा दिवसांनी कामावर गेले. थोरा आजी म्हणून एक होत्या, चौऱ्याण्णव वर्षांच्या, डोकं माझ्यापेक्षा शाबूत. मी त्यांचे केस विंचरायला घेतले.

"त्या दिवशीसारखे विंचर," त्या म्हणाल्या.

"कुठल्या दिवशी, आजी?"

"वादळाच्या. किती हलका हात होता तुझा. एरवी तू ओढतेस." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण त्या दिवशी मी तुला नावाने हाक मारली, तर तू बघितलंच नाहीस."

मी केस विंचरले. ओढले न जातील असे.

फेब्रुवारीत मी घरी फोनवरचे निरोप टिपून ठेवणारं यंत्र आणलं. त्यात माझा आवाज भरला, बरोबर भरला का ते बघायला लावून ऐकला. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे माणसाला कुठे माहीत असतं.

मी ऐकलं आणि खाली बसले.

'मी बघते' म्हणणारी बाई तीच होती.

यंत्र मी दुकानात परत दिलं.

मार्च संपता संपता एका दुपारी मायलो आला. बर्फ वितळत होता, सगळीकडे चिखल. दारात उभा राहून त्याने बूट पुसले, पुसतच राहिला.

"ये ना आत. राहू दे चिखल."

"मी भांडायला नाही आलो, आर्डिस."

"माहीत आहे मला."

कॉफी दिली. टोपी गुडघ्यावर ठेवून तो बसला. उंच माणूस, पण दोन महिन्यांत कोटात हरवल्यासारखा दिसत होता.

"निघण्याआधी तिने घरी फोन केला होता," तो म्हणाला. "म्हणाली, आर्डिस आलीय, रस्ता बरा आहे म्हणते. पोरीला सांग, बाळाला झोपवू नकोस, मी निघालेय." त्याने कॉफीत साखर टाकली. आधी टाकली होती, पुन्हा टाकली. "लोक काय काय बोलतात. तू म्हणतेस तू इथे होतीस. मी तुला खोटं पाडत नाही. पण..."

"पण काय?"

"तू नव्हतीस, तर मग शेवटी तिच्यासोबत कोण होतं? कोणाला विचारू मी? बर्निस औषधांच्या खोलीत होती. तिने लव्हॉनला जाताना पाहिलंच नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला दोष द्यायचा नाहीये. जाताना ती कशी होती, एवढंच पाहिजे."

दोन महिने मी सगळ्या गावाला एकच वाक्य सांगत होते. मी नव्हते तिथे, मी घरी होते.

त्या माणसासमोर ते तोंडातून निघेना. मला वाटलं, माझं काय जातंय? त्याला दोन शब्द हवेत. देऊन टाकावेत. कोणीही रचेल असे दोन शब्द.

"बरी होती," मी म्हटलं. "घाईत होती."

त्याने मान हलवली. "आणि?"

"दारापर्यंत गेली आणि परत आली. टोपी विसरली होती."

"तिची?"

"नाही. बाळाची." मी बोलत गेले. काही ठरवून नाही, आपसूक येत होतं. "पिवळी. टेबलावर राहिली होती. जेवणाच्या सुट्टीत तिने शेवटचे टाके घातले होते. गोंडा तेवढा राहिला, तो घरी लावेन म्हणाली."

मायलोचा कप मधेच थांबला.



मग त्याने कप खाली ठेवला, कोटात हात घातला आणि एक टोपी काढून टेबलावर ठेवली. माझ्या मुठीएवढी. पिवळी. गोंडा नव्हता. सुई तशीच खोचलेली.

"तिच्या आतल्या खिशात होती," तो म्हणाला. "शेरीफने सामान दिलं, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. कोणाला दाखवली नाही. पोरीलासुद्धा नाही. बघवणार नाही तिला."

मी त्या टोपीकडे बघत राहिले. ती मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. लव्हॉन विणकाम करते हेही मला माहीत नव्हतं.

मायलो रडत होता. त्याच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं होतं. त्याने माझा हात धरला.

"म्हणजे होतीस तू. बरं झालं. एकटी नव्हती ती." मग म्हणाला, "आणखी काय म्हणाली? आठवून सांग."

"आठवत नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. पुढचं सगळं मला आठवत होतं. आजही आठवतं. तिने हातमोजे घालता घालता पुन्हा विचारलं, रस्ता कसा आहे गं, आणि मी पुन्हा म्हटलं, बरा आहे.

रस्ता कसा आहे ते मला चांगलं माहीत होतं. तेही आठवतं.