खालची पायरी

पावसाळ्यात शाळा भरवायची की सुट्टी द्यायची, हे उर्मिलाबाई सकाळचा चहा उकळेपर्यंत ठरवत. त्या मुख्याध्यापिका. राहायला इंद्रलोक वसाहतीत, आणि शाळा खारी गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकडे. शाळेच्या गेटपाशी पायऱ्या होत्या. खालची पायरी पाण्यात गेली की सुट्टी. रखवालदार धर्माजी फोन करून तेवढंच सांगायचा, "दिसते, बाय," नाहीतर "दिसत न्हाय." तुम्हाला काय वाटतं, असं बाईंनी एकदा विचारलं, तर म्हातारा हसला होता. "पानी मी सांगन. शाला तुमी ठरवा."

त्या सकाळी उजाडलंच नाही. लाईट गेलेली. गॅसच्या निळ्या उजेडात, बोटातली नक्षीची अंगठी फिरवत बाई पालकांचा ग्रुप वाचत बसल्या. आदल्या दिवशी त्यांनी सुट्टी दिली, आणि नेमकं कडक ऊन पडलं होतं.

"आज पण उन्हाची सुट्टी का, मॅडम?"

मानसीच्या आईनं, संचितानं लिहिलं होतं, "आम्हाला ऑफिस असतं हो. पोरीला फ्रीजमध्ये ठेवू?"

संस्थेचे अध्यक्ष थोडक्यात बोलले होते. पुन्हा असं झालं तर तुम्हीच कायमची सुट्टी घ्या.

फोन वाजला. धर्माजी.

"पायरी दिसतेय का?"

पलीकडे नुसतं पाणी हलत होतं, बंद खोलीत हलावं तसं.

"दिसते... समद्या दिसतात."

"नक्की? इकडे तर नुसतं कोसळतंय..."

"पोरं पाठवा, बाय."

फोन बंद झाला. बाईंना कुठंतरी खटकलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, शाळा वेळेवर भरेल.

चहा गाळतात तोच दार वाजलं. दारात धर्माजी उभा, नखशिखांत भिजलेला, थरथरत.

"बाय, आज शाला ऱ्हाऊ द्या. छातीएवरं पानी हाय."

"अहो, आत्ताच तर फोन केलात तुम्ही! पोरं पाठवा म्हणालात."

म्हातारा बघतच राहिला. "मी? पोरं पाठवा, असं मी कवा बोललो का, बाय? रातीच घरात पानी शिरलं, म्हातारीला काढाया धावलो. फोन तिकरंच, गेटवरच्या केबिनीत. केबिन तं समदी पान्याखाली..."

बाईंनी लगेच लिहिलं, शाळा बंद. कोणीही मुलांना बाहेर काढू नका. ग्रुपवर लोक तुटून पडले. हे काय पोरखेळ चाललेत? डोकं ठिकाणावर आहे का?

मग संचिताचा फोन आला. ती समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायची.

"मॅडम, एकदा काय ते ठरवा ना! ग्रुपवर सुट्टी, आणि फोनवर म्हणता पाठवा!"

"मी फोन नाही केला, संचिता."

"काहीतरीच काय! तुमचाच आवाज होता. म्हणालात, मी खाली उभी आहे, मानसीला एकटीलाच पाठवा..." तिचा आवाज बारीक झाला. "मॅडम, तुम्ही खालीच आहात ना?"

बाईंनी खिडकी उघडली. खाडीच्या चिखलाचा वास भसकन आत आला. खाली पाण्यातून पिवळा रेनकोट चालला होता, नाक्याकडे. नाक्यापुढं रस्ता उतरत खारीकडे जातो. शेजारी कोणी नव्हतं. तरी मानसीचा उजवा हात वर होता, मोठ्या माणसानं धरल्यासारखा.

धर्माजी केव्हाच जिना उतरला होता. त्यानं पोरीला नाक्यावर गाठलं, कमरेला धरलं आणि ओढलं. सहज सुटली नाही ती. मागून बाई धावत पोचल्या तेव्हा तो तिला छातीशी घट्ट धरून उभा होता. "आलो ना, बाळा... आलो ना," एवढंच पुटपुटत होता.

"मानसी," बाईंनी हात पुढं केला.

पोरीनं तोंड म्हाताऱ्याच्या खांद्यात खुपसलं.

"ह्या बाई नकोत."

वरून पाऊस ओतत होता. तिघांच्याही अंगावरून सगळं धुऊन जात होतं. फक्त मानसीच्या उजव्या मनगटावरचा काळा चिखल जात नव्हता. धर्माजीनं तो अंगठ्यानं पुसून पाहिला, मग हळूच तिचा हात सदऱ्याखाली झाकला. बाईंना दिसू नये म्हणून. पण बाईंनी पाहिलं होतं. चिखलात पाच बोटं उमटली होती, आणि त्यातल्या एकावर त्यांच्याच अंगठीची नक्षी.