आठ तांबडे पाहुणे

सिघनाघी गावाच्या शेवटच्या चढावर गाड्यांची परीक्षा होते. चांगल्या गाड्या धापा टाकत वर येतात, म्हाताऱ्या गाड्या मध्येच बसकण मारतात, आणि मेराबची निळी व्हॅन… ती उलटी चढते. तोंड दरीकडे, पाठ गावाकडे. तिच्यात तेवढा रिव्हर्स गिअरच काय तो धडधाकट उरला होता. लोक तर असंही सांगतात, की ती थेट राजधानीपासून, तिबलिसीपासून उलटी आली, आणि वाटेतल्या पोलिसांना ती तिबलिसीकडे चालली आहे असं वाटल्यामुळे कुणी अडवलंच नाही. यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं मात्र तेओनानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ऑक्टोबरची बारीक रिमझिम होती. दगडी रस्ता ओला, आणि डाळिंबांची टोपली छातीशी धरून तेओना चढ उतरत होती. समोरून एका व्हॅनचा पार्श्वभाग तिच्यावर चाल करून येत होता.

“अहो! जरा बघून!” ती ओरडली.

“बघतोयच की! समोर अख्खी दरी आहे,” आतून आवाज आला. “मागे कोण आहे तेवढं तुम्ही सांगा!”

“मागे मी आहे!”

गाडी थांबली. खिडकीतून ओल्या कुरळ्या केसांचं एक डोकं बाहेर आलं, मागे वळलं… आणि वळलेलंच राहिलं. ब्रेक ओढायचा असतो हे त्या डोक्याच्या लक्षातच राहिलं नाही. व्हॅन आपली हळूहळू खाली निघाली, चार घरं ओलांडून गेली, आणि मग परत धडपडत वर आली.

“ओतारकाकांचं रेस्टॉरंट कुठे आहे हो?” डोक्यानं विचारलं. “तिथल्या बाईंना परदेशी वाइन दाखवायच्या आहेत. फार कडक आहेत म्हणे. पत्रातच अकरा अटी घातल्यात.”

“बारा,” तेओना म्हणाली. “बारावी वेळेवर यायची होती.”

मेराबचे कान लाल झाले. तिला ते आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

तेओना ओतारकाकांच्या धाकट्या भावाची मुलगी. दोन वर्षं फ्रान्समध्ये बोर्दोला राहून वाइनचं शिकून आलेली. काकांच्या रेस्टॉरंटचा वरचा मजला रिकामा होता. पुढे लाकडी सज्जा, खाली अलाझानीचं खोरं, पलीकडे पांढरे डोंगर. तिथे तिला आपल्या सापेरावीच्या, म्हणजे इथल्या काळ्या द्राक्षांच्या वाइनच्या, शेजारी जगभरच्या आठ तांबड्या वाइन मांडायच्या होत्या. काकांचं मत होतं, की अलाझानी नदीच्या पलीकडेही द्राक्षं होतात, पण ती मुलांनी खायला.

“ठीक आहे,” शेवटी ते म्हणाले. “रविवारी दुपारी आठ बाटल्या माझ्यासमोर ठेव. आठही मला पटल्या, तर वरचा मजला तुझा. एक जरी पडली, तर वर भोपळे ठेवायचे.”

भोपळ्यांपेक्षाही वाईट गोष्ट तेओनाच्या कोटाच्या खिशात होती. बोर्दोच्या एका वाइन-घराचं पत्र होतं ते. नोकरी, राहायला खोली, सोमवारपर्यंत उत्तर. तिनं मनाशी ठरवलं होतं – यादी मंजूर झाली तर राहायचं. नाहीतर भोपळ्यांना जागा करून द्यायची आणि निघायचं.

पण हे सगळं नंतरचं. त्या पहिल्या दिवशी अंगणात मेराबनं पहिली बाटली उघडली, मोठ्या प्रेमानं प्याला भरला, तिच्या हाती दिला. तेओनानं वास घेतला, घोट तोंडात घोळवला… आणि पचकन जिरेनियमच्या कुंडीत थुंकला.

मेराबचा चेहरा असा झाला, जणू तिनं त्याच्या आजोबांवर थुंकलं.

“इतकी वाईट?” त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

“नाही, छान आहे.”

“छान आहे म्हणून थुंकलीत? मग वाईट असती तर काय केलं असतं, मला मारलं असतं?”

“सगळ्या गिळल्या तर पाचव्या बाटलीला जीभ झोपते. तिकडे सगळे असंच करतात.”

“तिकडे करत असतील. इकडे पाहुण्याची वाइन थुंकल्यावरून दोन गावं अकरा वर्षं बोलत नव्हती.”

“आणि मग?”

“मग एका लग्नात बोलली. थुंकणाऱ्याचंच लग्न होतं.” एवढं म्हणून तो थांबला, आणि पुन्हा त्याचे कान लाल झाले.

पुढचे तीन आठवडे व्हॅन दर गुरुवारी उलटी चढत राहिली. साठ बाटल्या उघडल्या, आठ उरल्या. तेओना थुंकायची, मेराब गिळायचा, आणि प्रत्येक घोटाआधी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा.

“काय पुटपुटतोस?” शेवटच्या गुरुवारी तिनं विचारलं. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते कुणालाच कळलं नव्हतं.

“कुणाच्या तरी नावानं चार शब्द बोलल्याशिवाय कसं प्यायचं? तहान लागलेली गाय तेवढी तशी पिते.”

“कुणाच्या नावानं?”

“एकाच्या.”

“साठही वेळा?”

“साठही वेळा,” तो म्हणाला आणि बूच शोधायला टेबलाखाली गेला. बूच टेबलावरच होतं.

त्याच दिवशी सज्जात पागोळ्या गळत असताना तिनं त्याला ते पत्र दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं, नीट घडी घालून परत दिलं.

“आठही पास करू,” एवढंच म्हणाला. “माझी गाडी बोर्दोपर्यंत उलटी जायची नाही.”

रविवार उजाडला तो स्वच्छ, उन्हाचा. दुपारी टेबल मांडलं गेलं. भट्टीतली गरम भाकर, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, ताजं चीज, मातीच्या भांड्यात घेवड्याचं लोबियो. टेबलाच्या डोक्याशी ओतारकाका, कारण ते पंचक्रोशीतले पहिल्या नंबरचे तमादा. तमादा म्हणजे पंगतीचा म्होरक्या. प्रत्येक प्याल्याला कुणाच्या नावानं बोलायचं ते त्यानं ठरवायचं, आणि त्यानंच बोलायचं. काका बोलायला लागले की विचारूच नका. एका लग्नात त्यांनी वधूपित्याच्या नावानं प्याला उचलला, आणि तो खाली ठेवेपर्यंत वधूपिता आजोबा झाला होता.

पण आज काका गप्प. पहिली बाटली स्पेनची. त्यांनी ओठ ओले केले, प्याला सरकवला. “नाही.”

दुसरी पोर्तुगालची. “हीही नाही.”

“काका, पण तुम्ही कुणाच्या नावानं बोललातच नाही!” तेओना म्हणाली.

“परक्या वाइनवर बोलायचं? बिअरवर एक वेळ बोलेन. बिअर आपण शत्रूच्या नावानं तरी पितो.”

लामाराकाकींनी दोन्ही बाटल्या उचलल्या आणि चुलीवर उरलेल्या लोबियोत ओतायला स्वयंपाकघरात नेल्या. तेओनानं मांडीवरचा रुमाल चुरगाळला. एक पडली तरी भोपळे… इथे दोन पडल्या होत्या. तिनं मेराबकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर डोळे भरून आले असते.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मेराब उठला, कोपऱ्यातली रिकामी खुर्ची ओढून टेबलाशी आणली, तिच्यावर उशी ठेवली, आणि उशीवर तिसरी बाटली बसवली.

“हे काय?” काकांनी भुवया चढवल्या.

“पाहुणा आहे, काका. अर्जेंटिनाहून आलाय. डोंगराच्या पायथ्याशी वाढला, आपल्यासारखाच. दोन महिने बोटीच्या पोटात अंधारात होता. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळ व्हायच्या आत ओतारच्या घरी पोचव, एवढंच म्हणाला.” मेराबनं हात जोडले. “तुम्ही नको म्हणालात, तर नेतो परत.”

काकांचं तोंड उघडं राहिलं. ओतारच्या दारातून पाहुणा परत गेला, असं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. बाटली बिचारी उशीवर किंचित कलून बसली होती.

“त्याला… पाठीला आणखी एक उशी द्या,” काका पुटपुटले. आणि एकदम किंचाळले, “लामारा! थांब! देवा रे, त्या दोघांना मी दारातूनच हाकललं!”

स्पेन अर्धी लोबियोत गेली होती; उरलेली वाचली. पोर्तुगाल अख्खी परत आली. तिघांना ओळीनं बसवून पुढ्यात ताटल्या मांडण्यात आल्या, आणि काकांनी उभं राहून क्षमा मागितली, ती अशी की लामाराकाकींनी ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. मग काकांचा बांध फुटला. स्पेनच्या प्याल्याला शांततेच्या नावानं, पोर्तुगालच्या प्याल्याला समुद्रावर गेलेल्या माणसांच्या नावानं, अर्जेंटिनाच्या प्याल्याला जगातल्या सगळ्या डोंगरांच्या नावानं… काका बोलत राहिले, ऊन टेबलावरून सरकत राहिलं.

चौथी ग्रीसची. “ही माझ्या सासूसारखी,” लामाराकाकी म्हणाल्या. “आधी तोंड आंबट, मग अर्ध्या तासानं माया.” मंजूर. पाचवी दक्षिण आफ्रिकेची, मंजूर. सहावी इटलीची; तिच्यावर काका आईवडिलांच्या नावानं इतके गहिवरले की तिला उठून मिठी मारली.

सातवी कॅलिफोर्नियाची. काकांनी घोट घेतला आणि थबकले. ओकच्या लाकडी पिंपाचा वास खोलीभर पसरला होता.

“हा पाहुणा,” ते हळूच म्हणाले, “आपलं फर्निचर बरोबर घेऊन आलाय.”

पण मेराब गंभीरपणे म्हणाला, “लाजरा आहे, काका. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायचा संकोच.”

काका पोट धरून हसले. “मग राहू दे. यादीत भिंतीजवळ ठेवा त्याला, कपाट टेकवता येईल.”

आता आठवी. तेओनानं ती स्वतःच निवडली होती. बोर्दोची होती ती. मेराबनं ती उशीवर बसवली, पण नुसतीच बसवली. पाहुण्याची ओळख काही करून दिली नाही.

काकांनी प्याला उचलला. पंगत आता जिथे पोचली होती, तिथे एकच नाव उरलं होतं.

“प्रेमाच्या नावानं,” ते म्हणाले. बोलले अगदी थोडं. पिऊन प्याला उलटा केला आणि मेराबकडे बोट दाखवलं. “अलावेर्दी तुला.”

म्हणजे आता हेच बोलणं पुढे न्यायचं, आणि तेही मेराबनं. अलावेर्दी मिळालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. खोटंही बोलता येत नाही. निदान आमच्याकडे अजून तरी कुणी बोललेलं नाही.

मेराब उभा राहिला.

“हा पाहुणा…” त्यानं प्याला उचलला. “याची स्तुती करायची होती मला. आठवा पास झाला की काम झालं, असं ठरलं होतं. पण काका, जमत नाहीये. हा आपल्याकडे जेवायला आलेला नाही. हा मागणी घालायला आलाय.”

“कुणाला?”

“तेओनाला. त्याचं पत्र आलंय. उद्या उत्तर द्यायचंय.”

काकांनी पुतणीकडे पाहिलं. तेओनानं मान खाली घातली. काकींनी पाहिलंच नाही. काकींना पत्राचं केव्हाच ठाऊक होतं, त्यांनी तिचा तो कोट दोनदा धुतला होता.

“वाइन फार चांगली आहे,” मेराब पुढे म्हणाला. “मी चाखलेल्यांत सगळ्यात चांगली. घराणं मोठं, वागणं सभ्य. तिला तिकडे सुख लागत असेल, तर हा प्याला मी तिच्या वाटेच्या नावानं पितो – पुरता, थेंब न ठेवता. पण मला अलावेर्दी मिळालाय, म्हणून सांगतो… मागणी घालायला तो एकटाच आलेला नाही. दुसरा एक जण तीन आठवडे उलटा चढ चढून येतोय.”

तो प्यायला. थेंब ठेवला नाही.

खोऱ्यातून कुठूनतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच बोलण्याआधी विचार केला.

“आठवा मंजूर,” ते म्हणाले. “वरचा मजला तुझा, पोरी. भोपळे गोठ्यात जातील. पण तू राहावंस म्हणून मी मंजूर केलं, असं समजू नकोस. जायचं की राहायचं, ते तुझं तू सांग.”

तेओना उठली. तिनं बोर्दोचा प्याला दोन्ही हातांत धरला.

“यानं मला दोन वर्षं सांभाळलं,” ती म्हणाली. “याचा मान राहिलाच पाहिजे. पण पाहुणा जेवून उठला, की आपण त्याला फाटकापर्यंत पोचवून येतो. हो ना, काका?”

“येतो.”

ती सगळा प्याला प्यायली. थुंकली नाही. मग तिनं मेराबकडे पाहिलं… आणि मेराब, देवानं त्याला सगळं दिलं पण हे दिलं नाही, मेराब टोपी उचलून म्हणाला, “बरोबर आहे. मीही पाहुणाच. निघतो मग.”

“कुठे निघालास?”

“फाटकापर्यंत…”

“आणि या ताटल्या कोण उचलणार?”

आमच्याकडे पाहुण्यानं ताटलीला बोट लावलं, तर घरची बाई तो हात पिरगाळेल. लामाराकाकी सवयीनं अर्ध्या उठल्याही, “अगं, त्याला काय सांगतेस…” आणि मग तेओनाचा चेहरा पाहून सावकाश परत बसल्या.

मेराबला समजायला थोडा वेळ लागला. आधी त्याचे कान लाल झाले, मग मान, मग कपाळ. त्यानं टोपी खाली ठेवली आणि एकेक ताटली गोळा करायला लागला. आठ पाहुण्यांच्या आठ ताटल्यांची चळत झाली. तेओनाच्या समोरची नववी उचलताना त्याचा हात तिच्या हाताला लागला, आणि ती हात मागे घेईना, आणि तो ताटली सोडीना…

वरच्या दोन ताटल्या घसरल्या आणि फरशीवर खळकन फुटल्या.

“गेल्या दोन,” काका म्हणाले.

“जाऊ देत,” लामाराकाकी म्हणाल्या. “घरच्या माणसाच्या हातून फुटल्या.”