जेवणाच्या सुट्टीत राणी पळाली

राणी गायब होती.

टेबलावर बाकी सगळं जागच्या जागी होतं. थर्माकोलच्या टेकड्या, स्पंजची झाडं, टेकडीमागे दबा धरून बसलेले टाचणीचे धनुर्धारी आणि समोर बाईसाहेबची झगझगीत फौज, एकेक शिपाई अंगठ्याएवढा आणि मालकिणीइतकाच ताठ. फक्त फौजेच्या मध्यभागी, जिथे राणी भाला उगारून उभी असायची, तिथे हिरव्या भुशावर नाण्याएवढा गोल वळ उरला होता.

"माझी राणी कुठंय?" बाईसाहेब म्हणाली.

मग तेच वाक्य ती ओरडून म्हणाली. मग टाचणीकडे बघून म्हणाली. तिसऱ्या वेळी त्याचा अर्थ पार बदलला होता.

या दोघी बालवाडीपासूनच्या जिवलग मैत्रिणी. एकीला जन्मतःच हुकूम सोडायची खोड, म्हणून ती बाईसाहेब. दुसरी तोंड उघडलं की टोचते, म्हणून ती टाचणी. दोघींना एकाच खेळाचं वेड: चिमुकली सैन्यं स्वतः रंगवायची, टेबलावर मांडायची, टेपने इंच मोजून पुढे सरकवायची आणि फासे टाकून एकमेकींचा फडशा पाडायचा. आज क्लबच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. सकाळचा अर्धा डाव संपला होता, उरलेला जेवणानंतर.

आणि नियम असा, की डाव पुन्हा सुरू होताना सेनापती टेबलावर नसेल तर फौज हरली. राणी होती बाईसाहेबची सेनापती. म्हणजे टाचणी आता न खेळता जिंकणार होती. आणि जन्मभर चोर म्हणवून घेणार होती.

"सुट्टीत इथे कोण आलं होतं?" दादाने विचारलं. दादा म्हणजे बाईसाहेबचा सख्खा थोरला भाऊ. उपांत्य फेरीत तो बहिणीकडून हरला होता आणि अजूनही त्याचं खापर फाशांवर फोडत होता.

"मी," टाचणी म्हणाली. "बाटली विसरले होते."

"एकटी?"

"एकटी कशी? पंचकाका होते ना. खिडकीपाशी. आम्ही बरोबरच बाहेर पडलो, त्यांनी कुलूप लावलं."

सगळ्यांच्या माना पंचकाकांकडे वळल्या. पंचकाका म्हणजे क्लबचा कणा. उभा जन्म नकाशे काढण्यात गेलेला, त्यामुळे केसभर फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. भिंतीवरची 'दुसऱ्याच्या सैन्याला हात लावू नये' ही पाटी त्यांच्याच अक्षरातली. मागे एकदा दादाने कुणाचा तरी घोडेस्वार नुसता उचलून पाहिला, तर काकांनी त्याला अख्खी उन्हाळी सुट्टी क्लबच्या बाहेर बसवलं होतं.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"आली होती ती," ते म्हणाले. "पण माझी पाठ होती तिच्याकडे. मी काही पाहिलं नाही."

टाचणीच्या कानांतून वाफ निघायची बाकी राहिली. साधं, सभ्य, गोड वाक्य. आणि त्या वाक्याने तिला खड्ड्यात ढकललं होतं!

"तेव्हा राणी टेबलावर होती?" दादा आता अगदी वकिलाच्या थाटात.

"माहीत नाही. मी बघितलंच नाही."

"समोर टेबल, आणि बघितलं नाहीस?"

"अरे, चिडले होते मी! सकाळभर हिने माझं घोडदळ भाजीसारखं चिरलं. मी त्या टेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

बोलता बोलता तिचं तिलाच जाणवलं: खरं असूनही हे किती खोटं वाटतंय.

"दप्तर उघड," बाईसाहेब म्हणाली.

"काय?"

"उघड म्हटलं ना."

बालवाडीपासूनची मैत्री, आणि दप्तर उघड! टाचणीने ते उघडलं नाही, सरळ खुर्चीवर उपडं केलं. पट्टी, कंगवा, अर्ध्या खाल्लेल्या सफरचंदाचा डबा, कडक झालेले तीन ब्रश, मोजा. एकच मोजा.

"दुसरा कुठंय?" दादाने विचारलं.

"राणीला घातलाय! थंडी वाजत होती तिला."

कुणी हसलं नाही. टाचणीने खिसेही उलटे करून दाखवले. हॉलमध्ये उकाडा मरणाचा होता, कारण पंखे लावले की झाडं उडतात. घामाने तिची बट कपाळाला चिकटली होती आणि ती मागे सारायचंही भान तिला नव्हतं.

"हिने माझे भालदारही सरकवले असतील," बाईसाहेब म्हणाली. "काका, सकाळी भालदारांपासून टेकडीपर्यंत तुम्ही मोजलं होतंत. साडेनऊ होतं. परत मोजा."

काकांनी टेप लावला. वाकले. आणखी वाकले. नाक टेपला टेकेपर्यंत वाकले.

"साडे... सहा? की नऊ? दादा, तू बघ रे बाळा. धूळ फार झालीय इथे." त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

"साडेनऊच," दादा म्हणाला. "ते हललेले नाहीत."

"मग मी काय सांगतेय!" टाचणी म्हणाली. "आणि सगळे मलाच का विचारताय? दादा, तू कुठे होतास?"

"खाली, जिन्यात. पाच जणांच्या मध्ये बसून जेवत होतो. विचार कुणालाही."

"बोटाला काय लागलंय?"

"सुपरग्लू. सकाळी माझ्या हत्तीची सोंड निखळली, ती चिकटवली. तीही सगळ्यांच्या देखत. पुढे?"

पुढे काही नव्हतं. दादा तिच्याकडे बघून असा हसला, की त्याच्या हत्तीची सोंड पुन्हा उपटावीशी वाटावी.

ती तरातरा दुरुस्तीच्या पेटीकडे गेली. ही पेटी खिडकीच्या कट्ट्यावर असे, सगळ्यांना सामाईक. आत सुपरग्लूची ट्यूब पडली होती. तोंड उघडं, टोपण भलतीकडे, आणि टोकाशी अजून ओला थेंब.

"टोपण का नाही लावलंस?"

"लावलं होतं! घट्ट! उघडी राहिली तर तोंड वाळून दगड होतं, ते काय मला माहीत नाही?"

"मग सुट्टीत कुणीतरी वापरलीय ही."

"तूच वापरली असशील."

टाचणी गुडघ्यांवर बसली. खिडकीखालच्या फरशीवर तिने तळहात फिरवला. धूळ, पेन्सिलीचं टरफल, मेलेली माशी. आणि मग फरशीच्या फटीत काहीतरी चमकलं. नखाने उकरून तिने ते वर काढलं. तांदळाच्या दाण्याएवढं, चंदेरी.

राणीच्या भाल्याचं टोक!

"बघा!" ती उडी मारूनच उठली. "राणी चोरलेली नाहीये! इथे खिडकीपाशी पडलीय, मोडलीय, आणि कुणीतरी ती चिकटवलीय!"

तिला वाटलं, आता सगळे म्हणतील, वा गं टाचणे.

"म्हणजे तू पाडलीस," दादा शांतपणे म्हणाला. "मोडलीस, चिकटवायला गेलीस, जमेना, म्हणून लपवलीस."

बाईसाहेब पुढे आली. तिने ते टोक तळहातावर घेतलं आणि बघत राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीभर एक केस उरलेल्या ब्रशने तिने राणी रंगवली होती. डोळ्यांतल्या बाहुल्या रंगवताना श्वास रोखून धरायची. तेव्हा शेजारी दिवा धरून कोण बसायचं? टाचणीच.

बाईसाहेब ओरडली असती तर परवडलं असतं.

"मुलींनो, आज राहू द्या," पंचकाका मध्ये पडले. "उद्या खेळू. उद्यापर्यंत डोकी शांत होतील. कदाचित राणी आपसूक सापडेलही."

"उद्या नाही!" दोघी एकदम ओरडल्या. दिवसभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

"मग मी हरले," बाईसाहेब म्हणाली. "जिंक तू. घे. हेच हवं होतं ना?"

टाचणीला रडू फुटायला आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग. मसणात गेला सामना! ती आपलं सैन्य खोक्यात भरायला लागली. धनुर्धारी, तुतारीवाला, जादूगारीण.

"ती मोतीबिंदूवाली नीट ठेव," दादाने टोमणा मारला. "ठेचकाळेल कुठेतरी."

ही टाचणीची जुनी नाचक्की. जादूगारिणीच्या हातात पारदर्शक प्लास्टिकची ढाल होती, काचेसारखी लख्ख. टाचणीने ती चिकटवली आणि बाहुली लगेच डबीत बंद केली. डबी उघडली तर ढाल दुधाळ, आंधळी. घासली, धुतली, पण ती पांढरी साय काही गेली नाही. क्लबभर हसं झालं होतं.

टाचणीने ढालीकडे पाहिलं.

मग मान वर केली. पलीकडे पंचकाका पुन्हा चष्मा पुसत होते.

हुशार वाचकाने इथे पुस्तक मिटून जरा डोकं खाजवावं. टाचणीला जे माहीत होतं, ते सगळं आता तुम्हालाही माहीत आहे.

"काका," ती म्हणाली, "तुमचा चष्मा देता?"

"का गं?"

"पुसून देते. मघापासून पुसताय, निघत नाहीये."

नाही म्हणायला कारण नव्हतं. काकांनी चष्मा दिला. टाचणीने रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि काच खसाखसा घासली. मग ती काच दादाच्या नाकासमोर धरली.

"धूळ आहे?"

"पांढरं आहे काहीतरी. धुकं बसल्यासारखं."

"आता ही ढाल बघ."

दादाने एकदा ढालीकडे पाहिलं, एकदा काचेकडे. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"सुपरग्लू ओला असताना त्याची वाफ येते," टाचणी म्हणाली. "उघड्यावर ती उडून जाते. पण बंद डबीत कोंडली, की शेजारच्या काचेवर जाऊन बसते. मी ढालीची वाट लावून शिकलेय हे. सकाळी काका अर्धी रेघसुद्धा अचूक वाचत होते. जेवणानंतर त्यांना सहा की नऊ कळेना. सुट्टीत त्यांचा चष्मा ओल्या सुपरग्लूबरोबर डबीत बंद होता."

"अगं, काहीतरीच काय," बाईसाहेब पुटपुटली.

"ऐक आधी. मी बाटली घ्यायला आले तेव्हा काका खिडकीपाशी होते. टोक तिथेच सापडलं. ट्यूब तिथेच उघडी. मी राणी उचलून तिथे नेली, पाडली, चिकटवली, आणि तिथेच उभ्या असलेल्या माणसाला कळलंच नाही? मी चेटकीण आहे का? आणि 'राणी आपसूक सापडेल', तेही उद्या, हे कुणाला माहीत असणार? ज्याला ती रात्रीतून परत ठेवायचीय, त्याला."

तिने हात पुढे केला.

"काका," टाचणी म्हणाली, "चष्म्याची डबी दाखवा."

काकांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथेच थांबला. मग त्यांनी डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

आत राणी होती. हात जरा वाकडा चिकटलेला, टोक नसलेला भाला डबीच्या लाल मखमलीला घट्ट चिकटून बसलेला, आणि बाहुल्या रंगवलेले डोळे टक्क उघडे.

"खिडकीत उजेड चांगला पडतो," काका खाली बघत म्हणाले. "फोटो काढायचा होता. इतकं सुरेख काम इतक्या वर्षांत पाहिलं नाही मी. म्हटलं, मोठा करून भिंतीवर लावू. हातातून निसटली. चिकटवत होतो, तेवढ्यात पावलं वाजली. घाईघाईत डबीत कोंबली आणि मिटली. फोटोसाठी काढलेला चष्मा आधीच आत होता."

"मला अख्खी सुट्टी बाहेर बसवलंत," दादा म्हणाला. "नुसता उचलून बघितला म्हणून."

"म्हणूनच तोंड उघडेना रे. कोणत्या तोंडाने सांगू?"

"पण माझं दप्तर उपडं झालं तेव्हा?" टाचणी म्हणाली. "तेव्हाही नाही? वर म्हणालात, पाठ होती!"

"पाठ होतीच. खोटं नाही बोललो मी."

"खरंही नाही बोललात."

काकांनी तिच्या हातून चष्मा घेऊन लावला. पंचाचा बिल्ला छातीवरून काढून टेबलाच्या कडेला ठेवला, बाईसाहेबसमोर हात जोडले, टाचणीसमोर जरा जास्त वेळ जोडले, आणि ते जिना उतरून गेले. चष्म्यातून नीट दिसत नसल्यामुळे कठडा धरून, एकेक पायरी चाचपत. दादा क्षणभर घुटमळला, मग हात द्यायला त्यांच्यामागे धावला.

उरल्या दोघी.

टाचणीला वाटलं होतं, खरा चोर सापडला की फार बरं वाटेल. काही बरं बिरं वाटलं नाही. खुर्चीवर तिचं अख्खं दप्तर पसरलेलं होतं, मोज्यासकट.

बाईसाहेब खुर्चीशी गेली. एकेक वस्तू उचलून दप्तरात ठेवू लागली. कंगवा. डबा. ब्रश.

"पट्टी पुढच्या कप्प्यात असते," टाचणी तुसडेपणाने म्हणाली.

पट्टी पुढच्या कप्प्यात गेली.

"मी विचारायला हवं होतं तुला," बाईसाहेब म्हणाली. "झडती नको होती घ्यायला. चुकलं माझं."

"हो. चुकलं."

टाचणीने खोकं पुन्हा उघडलं आणि धनुर्धारी टेकडीमागे आपापल्या वळांवर मांडले. बाईसाहेबने हलक्या हाताने राणी मखमलीवरून सोडवली आणि तिच्या जागी उभी केली.

पहिली चाल बाईसाहेबची. तिला राणी घेऊन धनुर्धाऱ्यांवर तुटून पडायचं होतं. पण ते तिच्या टप्प्यात आहेत का, हे मोजायला पंच नव्हता.

तिने टेप उचलला आणि टाचणीच्या हातात दिला.

"पोचते का बघ. मी नाही बघणार. तू म्हणशील ते."

आणि खरंच, टेबलाकडे पाठ करून उभी राहिली.

टाचणीने टेप ताणला. एक डोळा मिटला. राणीच्या पायाखालची बैठक ते पहिल्या धनुर्धाऱ्याची बैठक. रेघ जेमतेम टेकत होती. केसभर. नाही म्हटलं असतं, तर जगात कुणालाही कळलं नसतं, आणि पुढच्या फेरीत तिचे बाण राणीची चाळण करणार होते.

"शी!" टाचणी करवादली. "पोचते गं. पोचतेय मेली!"

बाईसाहेब वळली. तिचं नाक लाल झालं होतं आणि डोळे भरून आले होते. राणी पुढे सरकवायला ती टेबलावर वाकली.

"ए, रडायचं तर तिकडे रड," टाचणी म्हणाली. "रंग जाईल तिचा. आणि फासे टाक आता लवकर!"