मुकुटाच्या पेटीतलं कार्ड

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या चुलत्यांच्या, ज्योतीरामांच्या घरात घडलंय.

साल १९५५. चिंचवड. चैत्रातली भर दुपार, बाराची वेळ.

रस्ता रुंद होणार म्हणून इंग्रजांच्या वेळची, वर मुकुट असलेली टपालपेटी संध्याकाळी उपटणार होते. पोस्टमन मुरारीला आठवणीसाठी तिचा फोटो हवा होता. ज्योतीराम फोटोवाले. कॅमेरा घेऊन गेले.

मुरारीने कुलूप उघडून दाखवलं. "रिकामी हाय भाऊ. काढा आता." आणि सायकलवर टांग मारून तो गेला.

ज्योतीरामांनी डोक्यावर कॅमेऱ्याचं काळं फडकं ओढलं.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. कावळेसुद्धा गप्प...

टप्प.

पेटीत कार्ड टाकल्यासारखा आवाज... पण टाकायला कुणी आलंच नव्हतं!

कसाबसा फोटो काढून त्यांनी घर गाठलं. फोटोची काच धुतली, तर... पेटीच्या तोंडात एक कार्ड अर्धं अडकलेलं. कोपरा फाडलेलं.

म्हणजे मयताचं!

त्यांनी भिंग लावलं. पत्ता होता गवराबाई, मुक्काम कुरुळी. त्यांची सासू. आणि अक्षर...

ज्योतीरामांचं स्वतःचं.

त्यांनी काच फडक्यात गुंडाळून ठेवली. घरात बायको शालन, नववा महिना. गवराबाई नावाजलेली सुईण. "दिवस भरत आले की कार्ड टाका, लगीच येते," असं सांगून गेलेली.

"अहो, आईला पत्र टाकलं का?" शालन रोज विचारायची.

"टाकलं."

कसलं टाकतायत! तो पत्ता लिहायला घेतला की फोटोतलं कार्ड आठवायचं, आणि ते टाक खाली ठेवायचे. लिहिलंच नाही तर फोटो खोटा पडेल, एवढंच डोक्यात. रविवारी स्वतः जाऊन सासूला आणू, असं मनाशी म्हणाले. काय म्हणावं या अकलेला!

शनिवारी सकाळीच कळा सुरू झाल्या. मूल आडवं. शेजारणी हबकल्या. शालनची नजर दारावरून हटेना.

"आई येईल ना हो?"

"येतील."

बाराच्या सुमाराला ती गेली. बाळही गेलं.

मग ज्योतीरामांनी कार्ड लिहिलं. कोपरा फाडला. पेटी कधीच उपटलेली, म्हणून पोस्टात नेऊन दिलं. मग फोटोतलं कार्ड कुणी टाकलं होतं? मला आजवर कळलेलं नाही. आठवलं की जेवण जात नाही.

तिसऱ्या दिवशी गवराबाई आली. उंबऱ्यातच बसली.

"जावईबापू, आडवी पोरं म्या किती सोडवली... शालीला माझी आठवण न्हाई झाली का वो?"

ज्योतीरामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नाही झाली," ते म्हणाले.

म्हातारी उठली, आणि पाणीही न घेता कुरुळीची वाट धरली.