नोकरी सोडल्याची तारीख

कर खात्याचं पत्र आलं तेव्हा नोरीन वाटाणे सोलत होती आणि मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी बसवत होतो. जुलैतला दुसरा मंगळवार. फ्लीटवुडच्या किनाऱ्यावर असतो तसाच दिवस. ऊन होतं, पण वारा अंगाला झोंबत होता. मागच्या दारातून नदीच्या मुखावरच्या चिखलाचा वास येत होता आणि पलीकडच्या काठाला, नॉट एंडला जाणारी होडी सुटायच्या बेतात होती.

"लेन, माझे हात ओले आहेत. तूच फोड," ती म्हणाली.

मी फोडलं. गेल्या वर्षी नोरीन स्वॉरब्रिक यांनी अकराशे शहाण्णव पौंड कर कमी भरला, तो जानेवारीअखेर भरावा, असं त्यात होतं. खाली हिशोब. सरकारी पेन्शन, शाळेच्या खाणावळीतल्या तीस वर्षांच्या नोकरीची पेन्शन, आणि तिसरी ओळ: पगार, पाच हजार नऊशे ऐंशी पौंड. मालकाचं नाव: ए. स्वॉरब्रिक.

"अ‍ॅग्नेसबाईंनी शेवटी हात सैल सोडला म्हणायचा," मी म्हणालो.

नोरीन हसली नाही. अ‍ॅग्नेस तिची आई. सहा वर्षांपूर्वी एक्क्याण्णवाव्या वर्षी, वरच्या मागच्या खोलीत वारली. तिची शवपेटी उचलणाऱ्यांत मीही होतो. इतक्या लहानखुऱ्या बाईचं इतकं वजन कसं, असं तेव्हा मनात आल्याचं आठवतं.

मी माशांच्या कारखान्यात एकतीस वर्षं पगारपत्रकं लिहिली. एका पेनीचा फरक सापडल्याशिवाय कधी घरी गेलो नाही. अशा चुका मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. सारखी नावं, एक आकडा इकडचा तिकडे. "दुसऱ्या कुठल्यातरी स्वॉरब्रिकचं हे तुझ्या गळ्यात आलंय. एका फोनचं काम आहे," मी तिला सांगितलं. सप्टेंबरात आमचं लग्न होतं. मी अडुसष्टचा विधुर, ती सहासष्टची, कधीच लग्न न केलेली. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मी तिला लग्नाचं विचारलं होतं. मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन आलं आणि वर्ष लांबलं. तिचं घर विकायचं आणि केंडलला माझ्या बहिणीशेजारी बंगली घ्यायची, असं ठरलं होतं.

फोनवर पन्नास मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. नोरीनने परवानगी दिली आणि फोन माझ्या हातात दिला.

"नोंद बरोबर दिसतेय," मुलगी म्हणाली. "कामाला लागल्याची तारीख गेल्या वर्षीची सात एप्रिल. दर शुक्रवारी एकशे पंधरा पौंड. कामाचं स्वरूप, घरकाम आणि सोबत."

"आणि मालकाचा पत्ता?"

तिने पत्ता वाचला. मी ज्या स्वयंपाकघरात उभा होतो, तोच.

"हे बघा, ती बाई मेलीय. सहा वर्षं झाली."

"अरेरे. ऐकून वाईट वाटलं." थोडा वेळ नुसती बटणं वाजली. "पण आमच्याकडे तसं काही नाही. त्यांचा तपशील दर आठवड्याला येतो. शेवटचा परवाच्या शुक्रवारी आला. दुरुस्ती फक्त मालकच करू शकतात. तुम्ही त्यांच्याशी बोलून घ्या ना."

फोन ठेवताना ती तारीख मला खटकली. मी नोरीनला लग्नाचं विचारलं होतं तो रविवार, सहा एप्रिल. नोकरी दुसऱ्याच दिवसापासून.

मी ते तिला सांगितलं नाही. खात्याला रीतसर पत्र लिहिलं, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली, आणि पगारकारकुनाच्या सवयीने एक ओळ वाढवली: अशी नोकरी कधी असलीच, तर ती एकतीस जुलैला संपली असं धरावं. नोरीनने न वाचता सही केली. पेन ठेवून म्हणाली, "मीच मागितला होता."

"काय?"

"पगार. आईच्या शेवटच्या हिवाळ्यात. तिसऱ्यांदा चादर बदलत होते. म्हटलं, आई, तीस वर्षांचा पगार द्यायचा ठरवलास तर हे घर विकावं लागेल तुला. त्यावर हसली. म्हणाली, पगार हवाय? देते की. पण पगार खाणाऱ्याला मालकिणीला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, एवढं ध्यानात ठेव."

"बोलायची पद्धत होती ती त्यांची."

"हो," नोरीन म्हणाली. "पद्धत होती."

ऑगस्टमध्ये मी जवळजवळ रोज तिच्याकडे जात होतो, सामान बांधायला. तेव्हाच एकेक गोष्ट नजरेस येऊ लागली. तिचे हात. खाणावळ सोडून तिला सहा वर्षं झाली होती, पण बोटांच्या पेरांना पुन्हा भेगा पडल्या होत्या, धुण्याच्या सोड्याने पडतात तशा. अंगाला कापराच्या मलमाचा वास. मागच्या दोरीवर रोज एक चादर वाळत असायची, आणि तिच्या पलंगापेक्षा ती अरुंद होती. मी विचारलं तर तिलाच नवल वाटलं. दोरीजवळ गेली, चादर चाचपली, आणि हात पटकन मागे घेतला.

"मी नाही धुतली," ती म्हणाली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

एकदा दुपारी आलो तर ती जिन्याच्या पायरीवर बसून झोपली होती. मांडीवर ताट, ताटात अर्धं खाल्लेलं मऊ अंडं आणि कडा काढून टाकलेले पावाचे तुकडे. पाय सुजून चपलांबाहेर आले होते. मी ताट उचललं, तशी ती दचकून उभी राहिली आणि म्हणाली, "आलेच." माझ्याकडे न बघता.

पाकिटं मला फडताळाच्या खणात सापडली. खाकी, लहान, पगाराची. असली पाकिटं मी हजारोंनी भरली आहेत. प्रत्येकावर तारीख, आणि जुन्या शाळेतलं, उजवीकडे झुकलेलं अक्षर: नोरीन. आत एकेक पौंडाच्या हिरव्या नोटा, कोऱ्या, एकशे पंधरा. त्या नोटा दुकानातून बंद होऊन पस्तीस वर्षं उलटली. तिला मिळत होतं ते असं, आणि त्यावरचा कर मात्र आजच्या पैशात.

"हे अक्षर कुणाचं?" मी विचारलं.

तिने खण लोटून बंद केला. "हळू बोल, लेन."

उत्तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आलं. आपल्या पत्राची दखल घेतली आहे. आपल्या मालकांशी बावीस तारखेला दूरध्वनीवर बोलणं झालं. आकडे बरोबर असल्याचं त्यांनी सांगितलं. कर्मचाऱ्याने नोकरी सोडत असल्याची सूचना दिलेली नाही, असंही त्या म्हणाल्या. सबब, आपण कळवलेली नोकरी सोडल्याची तारीख नोंदीतून काढून टाकली आहे.

मी दोनदा मोठ्याने वाचलं. कुणीतरी थट्टा करतंय, पोलिसांत जाऊ, पाकिटं दाखवू, असं बरंच बोललो. नोरीन ओट्याला टेकून उभी होती.

"तिचा आवाज कसा होता, ते विचारता येईल का रे?" ती म्हणाली. "शेवटी शेवटी फार घरघर होती तिच्या छातीत."

मग मी जे केलं ते मला अजून टोचतं. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, आणि वाद घालत बसलो तर वर्ष जाईल हे दिसत होतं. मी माझं कार्ड काढलं आणि अकराशे शहाण्णव पौंड भरून टाकले. "घे, मिटलं. आता काही राहिलं नाही," मी म्हणालो.

नोरीनने माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं.

"भरलेस?" ती म्हणाली. "म्हणजे आपण कबूल केलं."

लग्न सप्टेंबरच्या अठरा तारखेला, शुक्रवारी, साडेबाराला होतं. नोंदणी कार्यालयात दोन साक्षीदार आणि माझी बहीण थांबणार होती. मी साडेअकराला टॅक्सी घेऊन गेलो. लख्ख ऊन पडलं होतं. रस्त्याच्या मधोमध उभ्या दीपगृहाची सावली ट्रामच्या रुळांवर आली होती, आणि मला, खरं सांगतो, शीळ घालावीशी वाटत होती.

दार उघडायला वेळ लागला. तिने निळा पोशाख घातला होता, आम्ही दोघांनी मिळून घेतलेला. त्यावर एप्रन बांधला होता.

"लेन, मला आज सुट्टी नाही," ती म्हणाली.

"नोरीन, चल."

"विचारलं मी. नाही म्हणाली."

"कोण नाही म्हणालं? वर कोणी नाहीये!"

"हळू."

मी तिला बाजूला सारून जिना चढलो. ती मागून माझा कोट ओढत होती. "नको रे, पाया पडते, वर नको जाऊस!"

मागची खोली आम्ही जुलैतच रिकामी केली होती. पलंगसुद्धा विकला होता.

पलंग तिथे होता.

चादर ताणून बसवलेली, इस्पितळात बसवतात तशी. उशीला मध्ये खळगा. खुर्चीवर पाण्याचं भांडं. मी बोट बुडवलं. पाणी कोमट होतं. खोलीत म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाचा आंबूस वास होता.

दिसत कोणीच नव्हतं.

मला स्वतःचीच लाज वाटली. तरी मी बोललो. पलंगाकडे बघून, टोपी हातात घेऊन, मालकिणीपुढे बोलतात तसं.

"बाई, तिला जाऊ द्या आता. तिने पुष्कळ केलंय."

काही हललं नाही.

खाली नोरीन किंचाळली.

धडपडत उतरलो. ती जिन्याच्या तळाशी भिंतीला धरून उभी होती. डाव्या गालावर चार बोटं उमटली होती, बारीक, हाडकुळी. एका बोटाच्या वळाला अंगठीएवढी खोक होती आणि तिच्यातून रक्त येत होतं. दोन्ही हातांनी तिने भिंत धरलेली होती. त्या हातांत अंगठी नव्हती. ती माझ्या खिशात होती.

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली. रडत नव्हती. "तू बोलतोस. भोगावं मला लागतं."

"मग चल! आत्ता, अशीच."

तिने उंबऱ्याकडे पाहिलं. दार उघडं होतं. टॅक्सीवाला पेपर वाचत होता. चार पावलं.

"जा तू," ती म्हणाली. "तू गेलास की तिचा राग उतरेल."

मी गेलो.

केंडलला मी एकटाच राहायला आलो. मार्चमध्ये कर खात्याचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं, कारण नोरीनच्या वतीने पत्रव्यवहार करणारा म्हणून माझंच नाव अजून त्यांच्याकडे होतं. येत्या वर्षासाठी तिच्या कराची आखणी होती. पगाराच्या खाली नवी ओळ आली होती: मालकाने दिलेली राहण्याची जागा, करपात्र. पुढे एक आकडा. ते घर नोरीनच्या नावावर होतं. कागदपत्रं मी स्वतः पाहिली होती.

मी चूक आहे म्हणून कळवलं नाही. पत्र घडी करून ठेवलं.

एप्रिलच्या अखेरीस गुडघा दाखवायला ब्लॅकपूलला जावं लागलं. परत निघायचं होतं, पण उलट्या बाजूच्या ट्राममध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यावर, फ्लीटवुडला, उतरलो. नोरीनच्या घरापर्यंत जाण्याची हिंमत नव्हती. समुद्रावर गेलो. ओहोटी होती, दुपारचे तीन वाजले असतील.

नोरीन खाली, ओल्या वाळूवर होती. चाकांची खुर्ची ढकलत होती. खुर्चीत घोंगडी होती, दोन्ही बाजूंनी नीट खोचलेली, आणि घोंगडीखाली काही नव्हतं. वाऱ्याने ती मधोमध दबून सपाट झाली होती. नोरीनचे केस पांढरे झाले होते. ती थांबली, रुमाल काढला, खुर्चीपुढे येऊन वाकली, आणि हवेत, तोंडाच्या उंचीवर, हलकेच काहीतरी पुसलं. मग मान डोलावली. कुणीतरी काही सांगितल्यावर डोलावतात तशी. आणि खुर्ची वळवली.

ती माझ्यापासून वीस पावलांवरून गेली. तिने वर पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

ती गेल्यावर मी त्या वाळूपाशी गेलो. नोरीनच्या पावलांचे ठसे पुसट होते, चिमणीच्या नखांसारखे. चाकांचे दोन चर मात्र वीतभर खोल गेले होते, आणि त्यांत हळूहळू पाणी भरत होतं.